रात्रीची वेळ कुणाची?

१ जून २०२२ ची पहाट. पावणेपाच वाजले होते. आमच्याकडे पाणी पाचला येतं, म्हणून मी उठले, तर हॉलमध्ये टीव्हीचा निळा उजेड. हे सोफ्यावर मांडी घालून बसलेले, डोळे तारवटलेले, समोर चहाचे दोन रिकामे कप.
“अगं, नदालनं जोकोविचला हरवलं! काय मॅच झाली म्हणून सांगू!”

फ्रेंच ओपनचा उपांत्यपूर्व सामना. पॅरिसमध्ये तेव्हा रात्रीचा सव्वा वाजला होता. तिथली रात्रीची मॅच सव्वाआठनंतर सुरू होते, म्हणजे आपले पावणेबारा. माणूस रात्रभर जागला होता आणि वर नऊच्या लोकलनं ऑफिसला जाणार होता! मी नळाखाली बादली लावता लावता सहज विचारलं, “बायकांची मॅच का नाही हो ठेवत अशी रात्री?”

“कोण बघणार? दीड तासात संपते ती.” यांनी जांभई देत टीव्ही बंद केला.

मला राग आला. पण पाण्याच्या वेळेला भांडण काढायची सोय नसते, म्हणून गप्प बसले. गंमत पुढेच आहे. त्याच दिवशी पॅरिसमध्ये स्पर्धेच्या संचालकांनी पत्रकारांसमोर जवळपास हेच सांगितलं. सध्याच्या काळात पुरुषांच्या सामन्यांचं आकर्षण एकूणात जास्त आहे, असा त्या बोलण्याचा अर्थ होता. त्या वर्षी रात्रीचे दहा सामने ठरले होते. त्यातला बायकांचा किती? एक. अलिझे कॉर्ने विरुद्ध येलेना ओस्तापेन्को. आणि असं बोलणारी संचालक कोण होती? एक बाई! तीही कुणी ऐरीगैरी नाही, एकेकाळची जगातली पहिल्या क्रमांकाची टेनिसपटू, अमेली मॉरेस्मो.

आता मात्र माझा राग कुठे ठेवावा हेच कळेना. कारण ही माझी आवडती. माझ्याहून वर्षाभरानं मोठी. मी कॉलेज संपवून लग्नाच्या गडबडीत होते तेव्हापासून मी तिला टीव्हीवर बघत आलेय. एका हाताचा तो देखणा बॅकहँड, खेळताना घट्ट मिटलेले ओठ आणि हरल्यावर उघडी पडणारी नजर. ती हरायचीही खूप, आणि नको त्या वेळी हरायची. म्हणून तर ती जवळची वाटायची.

अमेलीचा जन्म १९७९ चा, पॅरिसजवळच्या साँ-जर्मेन-आँ-ले गावातला. वडील इंजिनीअर, आई गृहिणी. १९८३ मध्ये यानिक नोआनं फ्रेंच ओपन जिंकलं. कितीतरी वर्षांनी एका फ्रेंच माणसानं घरच्या मातीवर ही स्पर्धा जिंकली होती. चार वर्षांच्या अमेलीनं ते टीव्हीवर पाहिलं आणि घरात रिकाम्या हातानं त्याच्यासारखे फटके मारायला लागली. आईवडिलांनी रॅकेट आणून दिली. आपल्याकडे १९८३ म्हटलं की कपिलदेव आठवतो. किती मुलांना त्या वर्षी बॅट मिळाली असेल! मुलींना मिळाली का, ते मात्र विचारू नका.

१९९६ मध्ये तिनं कुमारी गटात फ्रेंच ओपन आणि विम्बल्डन दोन्ही जिंकलं. पुढे १९९९ चं ऑस्ट्रेलियन ओपन. एकोणीस वर्षांची ही मुलगी, मानांकनसुद्धा नाही, आणि उपांत्य फेरीत तिनं अव्वल क्रमांकाच्या लिंडसे डेव्हनपोर्टला हरवलं. डेव्हनपोर्ट म्हणाली, पुरुषाशी खेळतोय असं वाटलं. नंतर तिनं माफीही मागितली. त्याच दिवसांत अमेलीनं, आपलं प्रेम एका मैत्रिणीवर आहे, हे जगाला सरळ सांगून टाकलं. लपवाछपवी नाही, आडपडदा नाही. मग काय विचारता! मार्टिना हिंगीस तिला ‘अर्धा पुरुष’ म्हणाल्याच्या बातम्या आल्या, फ्रान्समध्ये टीव्हीवर तिची टिंगल झाली, तिच्या रुंद खांद्यांवर विनोद झाले. अंतिम सामना ती हिंगीसकडून हरली.

विचार करा, वय वर्षं एकोणीस. त्या वयात आपण ‘लोक काय म्हणतील’ म्हणून ओढणी सारखी करत बसायचो.

पुढची वर्षं तिनं भरपूर खेळ केला, पण मोठी स्पर्धा हातातून निसटत राहिली. सप्टेंबर २००४ मध्ये ती जगातली पहिल्या क्रमांकाची खेळाडू झाली. फ्रान्सच्या कुठल्याच बाईला तोवर ते जमलं नव्हतं. त्याआधी महिनाभर अथेन्स ऑलिम्पिकमध्ये रौप्यपदक. पण ग्रँड स्लॅम एकही नाही! ‘ऐन वेळी हात थरथरतात हिचे,’ हे वाक्य तिला चिकटलंच. आणि पॅरिसमध्ये तर विचारू नका. घरची माणसं बघायला बसली की आपलीसुद्धा पुरणपोळी फुटते, तसं तिचं व्हायचं. २००५ मध्ये सतरा वर्षांच्या आना इव्हानोविचनं तिला तिसऱ्याच फेरीत घरी पाठवलं. फ्रेंच ओपनमध्ये ती उपांत्यपूर्व फेरीच्या पुढे कधीच गेली नाही. एकदाही नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मग २००६ उजाडलं. ऑस्ट्रेलियन ओपनच्या अंतिम सामन्यात जस्टिन हेनिननं पोटदुखीमुळे सामना अर्धवट सोडला आणि अमेली विजेती झाली. उपांत्य फेरीतही समोरची किम क्लायस्टर्स दुखापतीनं थांबली होती. झालं, लोकांना आयतं निमित्त मिळालं. ‘हा काय विजय आहे?’ असं म्हणणाऱ्यांना उत्तर मिळालं ते जुलैत, विम्बल्डनला. समोर पुन्हा हेनिन. पहिला सेट अमेलीनं २-६ असा गमावला. आता पुन्हा तेच, म्हणून मी खरं तर उठून स्वयंपाकघरात गेले होते. पण पुढचे दोन सेट तिनं ६-३, ६-४ असे घेतले. शेवटचा गुण झाल्यावर ती गुडघ्यांवर बसली तेव्हा माझ्या हातात लाटणं होतं आणि डोळ्यांत पाणी!

त्या दिवशीचा एक तपशील मात्र मला फार उशिरा कळला. त्या वर्षी विम्बल्डनच्या पुरुष विजेत्याला, म्हणजे रॉजर फेडररला, मिळाले ६,५५,००० पौंड. अमेलीला ६,२५,०००. तेच गवत, तीच स्पर्धा, चेक मात्र तीस हजार पौंडांनी लहान. पुढच्याच वर्षी, २००७ मध्ये, व्हीनस विल्यम्ससारख्या खेळाडूंनी लावून धरल्यामुळे विम्बल्डननं स्त्री-पुरुषांचं बक्षीस सारखं केलं. त्या वर्षी फेडरर आणि व्हीनस दोघांना ७,००,००० पौंड मिळाले. म्हणजे विम्बल्डनच्या इतिहासात पुरुषापेक्षा लहान चेक घेणारी शेवटची विजेती कोण, तर आपली अमेली.

डिसेंबर २००९ मध्ये ती निवृत्त झाली. पंचवीस एकेरी विजेतेपदं खात्यात होती. पुष्कळ खेळाडू यानंतर समालोचन करतात, जाहिराती करतात. ही दुसऱ्यांना घडवायच्या मागे लागली. फ्रान्सच्या महिला संघाची कर्णधार म्हणून २०१६ मध्ये तिनं संघाला फेड चषकाच्या अंतिम सामन्यापर्यंत नेलं. चेक संघाकडून ३-२ अशी थोडक्यात हार झाली. मारियन बार्तोलीनं २०१३ मध्ये विम्बल्डन जिंकलं तेव्हा अमेली तिच्या पाठीशी होती. आणि २०१४ मध्ये तर अँडी मरेनं तिला चक्क आपली प्रशिक्षक नेमलं. पुरुषांच्या टेनिसमधला एवढा मोठा खेळाडू आणि कोच बाई! आईनं मुलाला शिकवलं तर कौतुक. परक्या बाईनं शिकवलं की भुवया वर. मरे हरला की दोष अमेलीचा, जिंकला की त्याचा. शेवटी त्यालाच जाहीरपणे बोलावं लागलं की बाईसुद्धा उत्तम प्रशिक्षक असू शकते. तोवर मातीच्या कोर्टावर एकही स्पर्धा न जिंकलेल्या मरेनं २०१५ मध्ये म्युनिक आणि माद्रिद अशा दोन स्पर्धा लागोपाठ जिंकल्या, त्या हिच्या हाताखाली. त्याच उन्हाळ्यात ती गरोदर होती. ऑगस्टमध्ये तिला मुलगा झाला, आणि २०१७ मध्ये मुलगी.

म्हणजे बघा, या बाईनं आयुष्यभर काय केलं? जिथे ‘बाई इथे कशाला?’ असा प्रश्न होता, तिथे जाऊन उभी राहिली. २०१८ मध्ये तर फ्रान्सनं तिला पुरुषांच्या डेव्हिस चषक संघाची कर्णधार जाहीर केलं होतं. तिनं ते पद नंतर सोडलं, लुका पुईला शिकवायचं म्हणून. आणि डिसेंबर २०२१ मध्ये ती रोलाँ गॅरोसची, म्हणजे फ्रेंच ओपनची, स्पर्धा संचालक झाली. या पदावरची पहिली स्त्री.

आणि पहिल्याच वर्षी, त्या १ जूनला, हे बोलून बसली.

पोलंडची इगा श्विऑनटेक तेव्हा पहिल्या क्रमांकावर होती. तिनं, हे ऐकून वाईटही वाटलं आणि आश्चर्यही, असं सांगितलं. अमेलीनं दुसऱ्या दिवशी माफी मागितली. आपलं बोलणं संदर्भ सोडून घेतलं गेलं, असंही म्हणाली. ठीक आहे, जीभ घसरते माणसाची. पण पुढे काय झालं? २०२३ मध्ये रात्रीच्या सामन्यांत बायकांचा पुन्हा एकच, आर्यना सबालेंका आणि स्लोन स्टीफन्सचा. २०२४ मध्ये शून्य. २०२५ मध्येही शून्य. रात्रीचे सामने २०२१ पासून सुरू झाले. त्याचा पहिलाच सामना बायकांचा होता, सेरेना विल्यम्सचा. तरीही २०२१ ते २०२५ या पाच वर्षांत बायकांच्या वाट्याला आलेल्या रात्री एका हाताच्या बोटांवर मोजाव्यात. चार.

आता तिची बाजूही ऐकायला हवी, कारण तीही अगदीच पोकळ नाही. न्यूयॉर्क आणि मेलबर्नला रात्री दोन सामने असतात, एक बायकांचा, एक पुरुषांचा. पॅरिसमध्ये रात्री एकच सामना, आणि त्याचं तिकीट वेगळं. पुरुष पाच सेटपर्यंत खेळतात, बायका तीन. पैसे मोजून आलेल्या माणसाला तासाभरात घरी पाठवलं तर तो ओरडणार. दोन सामने ठेवायचे तर लवकर सुरू करावे लागतात, आणि संध्याकाळी कामावरून सुटलेली माणसं पोचेपर्यंत पहिल्या सामन्याला खुर्च्या रिकाम्या. उशिरा सुरू केले तर संपायला पहाट! शिवाय फ्रान्समध्ये रात्रीच्या सामन्याचे हक्क अ‍ॅमेझॉन प्राइमनं घेतलेत. पैसे देणाऱ्याचा शब्द किती चालतो, हे ज्यांनी साधा हळदीकुंकवाचा कार्यक्रम प्रायोजक घेऊन केलाय त्यांना सांगायला नको. संचालकाच्या वर पुन्हा फ्रेंच टेनिस महासंघ आहे, त्याचे अध्यक्ष आहेत. नाव आणि बोलणी तिची असली तरी खुर्चीच्या दोऱ्या अनेकांच्या हातात.

इतर बाबतींत ती काही दबून वागणारी नाही. २०२४ मध्ये प्रेक्षकांचा धिंगाणा वाढला, एका खेळाडूनं आपल्यावर च्युइंगम थुंकल्याची तक्रार केली, तर तिनं भर स्पर्धेत प्रेक्षागृहात दारू बंद केली. तीही पॅरिसमध्ये! मे २०२५ मध्ये नदालच्या सन्मानाचा जो समारंभ तिथे झाला, फेडरर, जोकोविच, मरे तिघंही आले होते, तो बघताना तर यांच्या डोळ्यांत पाणी आलं. थोडक्यात काय, बाई कामाची आहे. मग याच एका ठिकाणी तिचा हात का अडतो?

२०२५ मध्ये ट्युनिशियाची ऑन्स जाबेर यावर बोलली. हे ठरवणाऱ्यांना मुली नसाव्यात, कारण आपल्या मुलींना असं वागवावं असं त्यांना वाटलं नसतं, असं ती म्हणाली. ते वाचून मला कसंसंच झालं. कारण अमेलीला मुलगी आहे. पण जाबेरचं दुसरं म्हणणं जास्त नेमकं होतं. बायकांचे सामने दाखवायचेच नाहीत, आणि मग लोक पुरुषांचेच सामने बघतात असं म्हणायचं, हे कसं काय?

इथे मला माझंच एक प्रकरण सांगायला हवं. आमच्या सोसायटीच्या गणेशोत्सवात काही वर्षांपूर्वी सांस्कृतिक समितीची जबाबदारी माझ्याकडे आली. आजवर ती एकाही बाईकडे नव्हती. मी काय खूश! पेढे वाटले. दहा दिवसांचं वेळापत्रक मी स्वतः वहीत आखलं. पाककृती स्पर्धा दुपारी तीन, भोंडल्याची गाणी साडेतीन, मुलींनी बसवलेलं नाटक चार वाजता. रात्री आठ ते दहा ऑर्केस्ट्रा, मिमिक्री, पुरुष मंडळींची अंताक्षरी. नाटकातली एक कॉलेजची मुलगी वही बघून म्हणाली, “काकू, आम्हाला चारच का? आमचं तर दोन महिने चाललंय.”

“अगं, रात्री लोक ऑर्केस्ट्रालाच येतात,” मी म्हटलं. “तुम्हाला दुपारी मोकळं मिळेल स्टेज.”

दुपारी चारला मोकळं स्टेजच मिळालं त्यांना, आणि मोकळ्या खुर्च्याही. पहिल्या रांगेत आज्या, मागे पळापळ करणारी पोरं. बापलोक ऑफिसात, आया संध्याकाळच्या नैवेद्याच्या तयारीत. मी स्वतःसुद्धा अर्धं नाटक सोडून उठले, कारण साउंडवाला आला होता, ऑर्केस्ट्राचा! दुसऱ्या वर्षी बैठकीत कुणीतरी म्हणालं, नाटकाला माणसं येत नाहीत, बंद करू या. मी मान डोलावली. वेळ मीच ठरवली होती, हे माझ्या तेव्हा डोक्यातही आलं नाही.

मला कुणी जबरदस्ती केली नव्हती हो. कुणी म्हणालं नव्हतं की मुलींना दुपारी ढकल. वही मला कोरी मिळाली होती. वेळा मात्र माझ्या डोक्यात आधीपासून छापलेल्या होत्या. बचत गटाच्या कामानं खेड्यांत जाते तेव्हाही हे दिसतं. सरपंचबाई निवडून येते, आणि बैठक मात्र तिच्याच सहीनं रात्री आठला लागते. भाकरी थापायच्या वेळेला. म्हणून अमेलीवर दगड मारायला माझा हात उचलत नाही. पण तिला सोडूनही देववत नाही, कारण लहान चेक घेतलेली बाई आहे ती. तो चेक लहान का, याचं उत्तरही तेव्हा हेच दिलं जायचं की पुरुषांचे सामने मोठे, गर्दी त्यांना. ते उत्तर २००७ मध्ये बाजूला ठेवावं लागलं आणि विम्बल्डन काही ओस पडलं नाही.

ज्या मैदानाच्या वेळा ती आखते तिथलीच एक गोष्ट. फ्रेंच ओपनच्या सर्वांत मोठ्या कोर्टाचं नाव आहे फिलिप शात्रिए. हा खेळाडू, पण त्याचं नाव राहिलं ते प्रशासक म्हणून. वीस वर्षं फ्रेंच टेनिस महासंघाचा अध्यक्ष, शिवाय आंतरराष्ट्रीय महासंघाचाही. १९८८ मध्ये टेनिस पुन्हा ऑलिम्पिकमध्ये आलं त्यात त्याचा मोठा वाटा. सहा वेळा विम्बल्डन जिंकलेल्या सुझान लेंग्लेनच्या नावाचं कोर्ट त्याच्यानंतरचं, दुसऱ्या क्रमांकाचं. म्हणजे खेळून होतं त्यापेक्षा खुर्चीत बसून कधीकधी जास्त होतं, हे त्या जागेला चांगलंच ठाऊक आहे.

आणि आता ती मघाची लक्षात ठेवलेली गोष्ट. २०२५ मध्ये लोईस बुआसाँ नावाच्या बावीस वर्षांच्या फ्रेंच मुलीला वाइल्ड कार्डनं प्रवेश मिळाला. क्रमवारीत ३६१ वी. आदल्या वर्षीही तिला संधी मिळाली होती, पण ऐन स्पर्धेच्या तोंडावर गुडघा गेला. या मुलीनं तिसऱ्या मानांकित जेसिका पेगुलाला हरवलं. उपांत्यपूर्व फेरीत समोर सहावी मानांकित मिरा अँड्रीवा. अमेली जिच्या पुढे कधीच गेली नाही, बरोबर तीच पायरी. सामना शात्रिए कोर्टावर, भर दिवसा. आपल्याकडे संध्याकाळ होती, मी कुकर लावून बसले होते. पॅरिसकरांनी काय तो आरडाओरडा केला! अँड्रीवाचं चित्तच थाऱ्यावर राहिलं नाही. ७-६, ६-३. बुआसाँ मातीत पाठीवर पडली, तोंडावर हात घेतले. उपांत्य फेरीत ती कोको गॉफकडून सरळ हरली, पण त्याचं काय! २०११ नंतर इथे उपांत्य फेरी गाठणारी ती पहिली फ्रेंच मुलगी.

त्या दिवशीचा रात्रीचा सामना जोकोविच आणि झ्वेरेवचा होता. हे पावणेबाराचा गजर लावून झोपले होते. मी त्यांना उठवलं नाही; तेच उठले, आणि चहा करता करता विचारलं, “ती फ्रेंच पोरगी जिंकली म्हणे. मॅच कधी होती?”

“तुम्ही ऑफिसात होता,” मी म्हटलं.